शोधनिबंध वाचकाला सापडावा म्हणून बीजशब्द कसे निवडावेत?

कोरडवाहू

नमस्कार. कृषी कीटकशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करताना एक प्रश्न दरवर्षी समोर येतो, आणि त्यावर ग्रंथालयशास्त्र, वैद्यक व मानव्यविद्या या शाखांतील येथील जाणकारांचे मत हवे आहे. शोधनिबंध लिहून होतो, सारांशावर अनेकदा हात फिरतो, तक्ते तपासले जातात, आणि नियतकालिकाच्या संकेतस्थळावर निबंध दाखल करण्याच्या अगदी शेवटच्या पायरीवर ‘चार ते सहा कीवर्ड (बीजशब्द) द्या’ असा चौकोन येतो. बहुतेक विद्यार्थी तो सुचेल तसा भरून मोकळे होतात.

सध्या हाताशी असलेला निबंध सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील कोरडवाहू रब्बी ज्वारीवर पडणाऱ्या खोडमाशीविषयी आहे. पेरणी मागेपुढे केल्यास पोंगेमरीचे, म्हणजे रोपाचा मधला पोंगा वाळण्याचे, प्रमाण किती बदलते आणि मालदांडीच्या तुलनेत इतर वाण कसे टिकतात, हे त्यात पाहिले आहे. निबंध इंग्रजीत आहे. विद्यार्थिनीने दिलेले कीवर्ड मराठीत सांगायचे तर असे: ज्वारी, कीड, शेती, उत्पादन, प्रादुर्भाव, महाराष्ट्र. यांतला एकही शब्द चुकीचा नाही. परंतु ‘ज्वारी’च्या जागी ‘कापूस’ लिहिले तर हीच यादी बोंडअळीवरच्या निबंधालाही जशीच्या तशी चालेल, आणि तेच मला खटकते.

माझ्या शंका अशा आहेत. आजची शोधयंत्रे संपूर्ण निबंध वाचतात असे म्हणतात. मग या चौकोनाला काही अर्थ उरला आहे का? शीर्षकात आलेले शब्द कीवर्डमध्ये पुन्हा द्यावेत की टाळावेत? आणि ‘रब्बी’, ‘जोवार’, ‘मालदांडी’ यांसारखे आपल्याकडचे शब्द इंग्रजी निबंधात ठेवावेत की परदेशी वाचकासाठी काढून टाकावेत?

पोथीशाळा

कोरडवाहू, मी विद्यापीठीय ग्रंथालयात काम करते आणि हा चौकोन घाईत भरलेला रोज पाहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सर्व शोधयंत्रे सारखेच वाचत नाहीत, हे आधी लक्षात घ्यावे. २००४ मध्ये सुरू झालेले गूगल स्कॉलर, निबंधाचे पूर्ण पान त्याला उघडता आले तर, आतला मजकूरही वाचते. त्याच वर्षी आलेल्या स्कोपस या निबंधसूचीत मात्र नेहमीचा शोध शीर्षक, सारांश आणि कीवर्ड या तीनच ठिकाणी चालतो. वेब ऑफ सायन्स या दुसऱ्या निबंधसूचीत विषयानुसार शोध घेतला की शीर्षक, सारांश, लेखकाचे कीवर्ड आणि ‘कीवर्ड्स प्लस’ असे चार रकाने पाहिले जातात. यांतला चौथा रकाना लेखक भरत नाही. आपण ज्या निबंधांचे संदर्भ दिले त्यांच्या शीर्षकांत वारंवार येणारे शब्द उचलून यंत्र तो तयार करते. म्हणजे आपली संदर्भसूची जुजबी असेल तर त्याचा फटका निबंध सापडण्यालाही बसतो.

आता आपल्या निबंधाकडे पाहू. पोंगेमरीला इंग्रजीत जो ‘डेडहार्ट’ शब्द आहे, तो निष्कर्षांच्या तक्त्यात दहा वेळा आला असेल. पण सारांशात आणि कीवर्डमध्ये नसेल, तर स्कोपसमध्ये त्या शब्दाने शोधणाऱ्याच्या दृष्टीने आपला निबंध अस्तित्वातच नाही. पूर्ण मजकूर वाचणाऱ्या यंत्राच्या भरवशावर बाकीच्या दोन सूची सोडून देणे परवडणारे नाही, कारण आढावा-निबंध लिहिणारे लोक आपले शोध याच सूचींत घेतात आणि कोणता शब्द कोणत्या रकान्यात शोधला हे त्यांना निबंधात नोंदवावेही लागते.

शब्द किती व्यापक असावा याबद्दल कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडलेला विचार अजूनही कामाला येतो. एखादा शब्द जितक्या जास्त लेखांत येतो, तितकी त्याची लेखालेखांत भेद करण्याची ताकद कमी होते. ‘शेती’ हा शब्द कृषी नियतकालिकातल्या प्रत्येक निबंधाला लागू पडतो, म्हणून तो तेथे कोणताच निबंध दाखवत नाही. उलट बाजूही सांगायला हवी: शब्द इतका दुर्मीळ निवडला की तो आपल्याशिवाय कोणीच वापरत नाही, तर तो कोणी शोधणारही नाही. विद्यार्थ्यांनी स्वतः घडवलेली चार-पाच शब्दांची लांबलचक पदे या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

मी विद्यार्थ्यांना शब्द आधी चालवून पाहायला सांगते. प्रत्येक उमेदवार शब्द शोधपेटीत टाकावा आणि पहिल्या पानावर आलेल्या निबंधांची शीर्षके खरोखर वाचावीत. त्या निबंधांच्या लेखकांनी आपला निबंध वाचावा असे वाटत असेल, तर शब्द बरोबर आहे. ज्वारीसाठी नुसते ‘सोरघम’ टाकले, तर चाऱ्यापासून इथेनॉलपर्यंत आणि जनुकक्रमापासून ग्लुटेनमुक्त पावापर्यंत सगळे समोर येते. त्याला ‘शूट फ्लाय’ जोडले की चित्र बदलते, आणि खोडमाशीचे शास्त्रीय नाव, ॲथेरिगोना सोकाटा, टाकले की आपल्याच कामाचे सोबती दिसू लागतात. मग त्या सोबत्यांनी आपल्या निबंधांना कोणते कीवर्ड दिले आहेत ते पाहावे, कारण क्षेत्राची बोली तेथेच सापडते. ‘डेडहार्ट’ एका शब्दात लिहितात की दोन शब्दांत, ‘शूट फ्लाय’ जोडून लिहितात की तोडून, अशा बारीक गोष्टीही तेथेच कळतात. यांपैकी एक रूप कीवर्डमध्ये आणि दुसरे सारांशात सहज बसवता येते.

शीर्षकातील शब्दांच्या पुनरुक्तीबद्दल माझे मत असे आहे की पुनरुक्ती टाळावी. शीर्षक, सारांश आणि कीवर्ड एकत्रच शोधले जात असतील, तर सहापैकी तीन जागा शीर्षकाला पुन्हा देणे म्हणजे त्या जागा फुकट घालवणे होय. तेथे पर्यायी नावे द्यावीत.

फिरता_दवाखाना

वैद्यकातली पद्धत थोडी वेगळी आहे, आणि ती इतर शाखांनाही उपयोगी पडेल असे वाटते.

अमेरिकेची नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन १९६० पासून ‘मेश’ नावाची नियंत्रित शब्दसूची चालवते. तिच्यात एका संकल्पनेला एकच अधिकृत नाव असते आणि बाकीची नावे त्याच्याकडे वळवलेली असतात. त्याच संस्थेच्या पबमेड या शोधसोयीत कोणी ‘हार्ट अटॅक’ असे टाकले, तरी यंत्र ते ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ या मथळ्याखालीही शोधते. त्यामुळे वैद्यकात कीवर्ड निवडताना आधी मेशमधील अधिकृत नाव पाहायचे आणि जागा उरली तर रूढ नाव जोडायचे, असा शिरस्ता आहे. ‘मेश ऑन डिमांड’ नावाची विनामूल्य सोय आहे. तेथे सारांश चिकटवला की ती मथळे सुचवते. सुचवलेले सगळेच घेण्यासारखे नसतात, पण आपला सारांश वाचून यंत्राला काय कळते हे त्यातून चांगले दिसते. ही परीक्षा मला फार मोलाची वाटते, कारण २०२२ पासून मेडलाइन या त्याच संस्थेच्या वैद्यकीय सूचीतील निबंधांना मेशचे मथळे प्रामुख्याने यंत्रच देते, आणि ते शीर्षक व सारांश यांवर अवलंबून असते. सारांश मोघम असेल तर मथळेही मोघम पडणार.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. पबमेडमध्ये दिसणारा प्रत्येक निबंध मेडलाइनमध्ये असतोच असे नाही. आपल्याकडील बरीच नियतकालिके पबमेड सेंट्रल या संग्रहामार्गे पबमेडमध्ये दिसतात आणि त्यांतील निबंधांना मेशचे मथळे मिळत नाहीत. अशा निबंधांचा सारा भार शीर्षक, सारांश आणि लेखकाने दिलेले कीवर्ड यांच्यावरच पडतो. तेव्हा ‘मेश आहे, मग आपण काळजी कशाला करायची’ ही भूमिका आपल्याला महागात पडते.

शास्त्रीय नावांबद्दल पोथीशाळा यांनी जे लिहिले त्याला एक पुरवणी जोडतो. कोकणातील विंचूदंशाचे उदाहरण घ्या. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरण्याचे जे काम केले ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि जगभर पोहोचले. त्या लाल विंचवाचे शास्त्रीय नाव जुन्या निबंधांत ब्यूथस टॅम्युलस असे आहे, नंतरच्या निबंधांत मेसोब्यूथस टॅम्युलस, आणि आता हॉटेनटोटा टॅम्युलस. प्राणी एकच आहे, पण ज्याने फक्त आजचे नाव शोधले त्याच्या हाती कित्येक वर्षांचे वैद्यकीय लेखन लागणार नाही. आज निबंध लिहिणाऱ्याने कीवर्डमध्ये चालू नाव द्यावे आणि सारांशात पहिल्या उल्लेखाबरोबर जुन्या नावांची नोंद करावी. त्याला अर्धी ओळ पुरते. शिवाय इंग्रजीत ‘स्टिंग’ लिहिणारे वेगळे आणि ‘एनव्हेनमिंग’ किंवा ‘एनव्हेनमेशन’ (विषबाधा) लिहिणारे वेगळे. मेशमध्ये ‘स्कॉर्पियन स्टिंग्ज’ हा मथळा आहे, म्हणून तो कीवर्डमध्ये घ्यावा आणि दुसरा शब्द सारांशात खेळवावा.

खोडमाशीच्या बाबतीतही असे काही आहे का, हे कोरडवाहू सांगू शकतील.

सरळमार्गी

चर्चा वाचली, पण मला थोडा वेगळा सूर लावावासा वाटतो. मी गणितातला माणूस आहे. आमच्याकडे निबंधावर मॅथमॅटिकल रिव्ह्यूज आणि झेडबीमॅथ या गणिताच्या सूचींच्या संयुक्त वर्गीकरणाचे क्रमांक द्यायचे असतात; सध्या त्याची २०२० ची आवृत्ती चालते. कीवर्ड कोणी फारसे पाहत नाही. चांगले काम संदर्भांतून, परिषदांतून आणि अर्काइव्ह या खुल्या निबंधसंग्रहावरच्या रोजच्या यादीतून आपोआप कळते. कीवर्डच्या मागे लागण्यातून पुढे शीर्षकात आणि सारांशात शब्द कोंबण्याची जी सवय लागते, ती मला जास्त धोक्याची वाटते. काही सारांश तर आता माणसाने माणसासाठी लिहिलेले वाटतच नाहीत. एकाच गोष्टीला तीन नावे देऊन तीच तीन वाक्यांत फिरवलेली असते. संशोधकाने आपली शक्ती प्रयोगावर घालवावी की शोधयंत्राची मर्जी राखण्यावर?

पोथीशाळा

सरळमार्गी, शब्द कोंबण्याबद्दलचा आपला आक्षेप पूर्ण मान्य आहे. सारांश आधी वाचनीय असावा. त्याला ओझ्याचा बैल करू नये. दोनशे शब्दांच्या सारांशात दोन-तीन पर्यायी नावे सहज मावतात, त्यापलीकडे गेले की भाषा बोजड होते आणि परीक्षकालाही ते खटकते.

मात्र गणितावरून सर्व शाखांचा अंदाज बांधता येणार नाही, असे नम्रपणे सुचवते. आपल्याकडे वर्गीकरणाचा क्रमांक आहे, म्हणजे कीवर्डचे काम दुसऱ्या कोणी तरी नेटकेपणाने करून ठेवले आहे. शेती, शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र या शाखांत लेखकाला अशी सर्वमान्य सोय क्वचितच असते. शिवाय ‘चांगले काम आपोआप कळते’ हे ज्याचे सहकारी जगभर पसरले आहेत त्याच्यापुरते खरे आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातून पहिलाच निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थिनीला ओळखणारे कोणी नसते, तिला शोधपेटीतूनच कोणी तरी गाठायचे असते. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांत ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असा एक नियम आहे. मी कीवर्डकडे त्या नियमाच्या अंगाने पाहते. त्यात शोधयंत्राची मर्जी राखण्याचा भाग फार थोडा आहे.

कीवर्डचे आणखी दोन उपयोग आहेत आणि ते लेखकाला दिसत नाहीत. संपादकीय कार्यालयात निबंध कोणत्या परीक्षकाकडे पाठवायचा हे ठरवताना कीवर्ड पाहिले जातात. ‘कीड, शेती, उत्पादन’ एवढेच लिहिलेले असेल तर तो कापसाच्या माणसाकडेही जाऊ शकतो. दुसरे असे की एखाद्या विषयाचा नकाशा काढणारे अभ्यासक लेखकांचे कीवर्डच मोजतात. नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठात तयार झालेले व्हॉसव्ह्यूअर हे साधन या कामासाठी फार वापरले जाते.

फिरता_दवाखाना

या शेवटच्या मुद्द्यामुळे पुनरुक्ती टाळण्याच्या आपल्या सल्ल्याला थोडा धक्का बसतो, असे मला वाटते. नकाशा काढणारा फक्त कीवर्डचा रकाना मोजत असेल, आणि आपण ‘शूट फ्लाय’ हा मुख्य शब्द शीर्षकात आहे म्हणून कीवर्डमधून गाळला, तर त्या नकाशात आपला निबंध खोडमाशीच्या गटात दिसणारच नाही. माझ्या मते विषयाचा कणा असलेला एक शब्द, शीर्षकात असला तरी, कीवर्डमध्ये ठेवावा आणि उरलेल्या जागा पर्यायी नावांना द्याव्यात.

पोथीशाळा

हे मान्य आहे. एक शब्द, फार तर दोन.

दफ्तरखाना

इतिहासाच्या अभ्यासकाला सर्वांत जास्त छळतात ती विशेषनामे. कोरडवाहूंच्या निबंधातले दोन्ही जिल्हे त्या दृष्टीने बोलके आहेत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये सोलापूर हे ‘शोलापूर’ असे लिहिलेले आहे. ठाणे ‘थाना’ आहे, आणि आजचा रायगड जिल्हा ‘कुलाबा’ या नावाखाली आहे, कारण त्याचे नाव १९८१ मध्ये बदलले. अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ मध्ये झाले, तर औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अशी बदलली. मराठवाड्यातील भूजलावर आज निबंध लिहिणाऱ्याने फक्त नवे नाव दिले, तर ‘औरंगाबाद’ टाकून मागची पन्नास वर्षांची आकडेवारी गोळा करणाऱ्या अभ्यासकाला तो दिसणार नाही. फक्त जुने दिले, तर पुढच्या पिढीला दिसणार नाही, आणि शिवाय बिहारमध्येही एक औरंगाबाद जिल्हा आहेच. नावांबद्दलची प्रत्येकाची भूमिका काहीही असो, सारांशात दोन्ही नावे आणि राज्याचे नाव देणे ही वाचकाची गरज आहे.

संतसाहित्यावर इंग्रजीत लिहिणाऱ्यांची अडचण आणखी मोठी आहे. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव रोमन लिपीत कोणी जे आणि एन या अक्षरांनी सुरू करतात, मराठी उच्चार पाळणारे डी, एन, वाय असे लिहितात, आणि हिंदी वळणाने लिहिणारे जी आणि वाय पासून सुरुवात करतात. त्यात ‘ज्ञानदेव’ हे दुसरे नाव आहेच. ‘वारकरी’ शब्द व्ही ने लिहिणारे आणि डब्ल्यू ने लिहिणारे असे दोन पंथ आहेत, आणि ‘विठोबा’, ‘विठ्ठल’, ‘पांडुरंग’ ही तर एकाच देवतेची तीन नावे. विद्यापीठीय लेखनात उच्चारचिन्हांसह लिहिण्याची पद्धत आहे ती वेगळीच. यांतील सर्व रूपे कीवर्डमध्ये देता येत नाहीत. मी असे करतो की त्या विषयावरील महत्त्वाच्या ग्रंथांत जे रूप आहे ते शीर्षकात घेतो, महाराष्ट्रात रूढ असलेले रूप कीवर्डमध्ये देतो, आणि तिसरे रूप सारांशाच्या पहिल्या वाक्यात ‘या नावानेही परिचित’ असे सांगून आणतो.

शीर्षकांबद्दल एक तक्रार करून थांबतो. मानव्यविद्येत कवितेची ओळ किंवा अभंगाचा चरण शीर्षक म्हणून देण्याची फार हौस आहे. ओळ सुंदर असते, परंतु तिच्यावरून निबंध कोणत्या शतकाबद्दल आहे हेही कळत नाही. ओळ ठेवायचीच असेल तर अपूर्णविरामानंतर विषय, प्रदेश आणि काळ स्पष्ट लिहावा.

जोडाक्षर

आतापर्यंतची चर्चा इंग्रजी निबंधांभोवती फिरली. मराठीत लिहिलेल्या निबंधांचे दुखणे वेगळे आहे आणि ते कीवर्डच्याही आधी सुरू होते.

मराठी नियतकालिकाची कोणतीही पीडीएफ उघडा, तिच्यातला एक परिच्छेद निवडा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. युनिकोडपूर्व फाँटमध्ये अक्षरजुळणी झालेली असेल, तर कागदावर स्वच्छ दिसणाऱ्या ‘महाराष्ट्र’ या शब्दाच्या जागी रोमन अक्षरे, कंस आणि टक्केवारीची चिन्हे यांची सरमिसळ उमटते. शोधयंत्राला नेमके तेच दिसते. अशा निबंधाखाली अत्यंत विचारपूर्वक निवडलेले सहा बीजशब्द छापले, तरी ते त्याच फाँटमध्ये असल्यामुळे कोणालाही सापडणार नाहीत. युनिकोडमध्ये जुळवलेल्या पीडीएफही पूर्ण निर्दोष नसतात; मजकूर बाहेर काढताना ऱ्हस्व वेलांटी एखादे अक्षर अलीकडे-पलीकडे सरकते आणि जोडाक्षरे तुटतात. म्हणून नियतकालिकाच्या संकेतस्थळावर प्रत्येक निबंधाचे स्वतंत्र पान असावे, आणि त्यावर शीर्षक, लेखक, सारांश व बीजशब्द हे युनिकोडमध्ये साध्या मजकुराच्या रूपात असावेत, हा आग्रह लेखकांनी संपादकांकडे धरला पाहिजे. केवळ संपूर्ण अंकाची एक जाडजूड पीडीएफ चढवून ठेवणे म्हणजे निबंध लपवणेच होय.

दुसरी गोष्ट आपल्या व्याकरणाची आहे. इंग्रजीत एकवचन-अनेकवचनाचा फरक शोधयंत्रे बव्हंशी सांभाळून घेतात. मराठीत मात्र ‘शेतकरी’ हा शब्द निबंधभर ‘शेतकऱ्यांच्या’, ‘शेतकऱ्याला’, ‘शेतकऱ्यांनी’ अशा रूपांत वावरतो, आणि या रूपांना मूळ शब्दाशी जोडण्याची सोय बहुतेक संशोधन-सूचींत नाही. ‘विहीर’ शोधणाऱ्याला ‘विहिरींच्या पुनर्भरणाचा’ हे शीर्षक दिसेलच याची खात्री नाही. म्हणूनच मराठी निबंधात बीजशब्दांचा रकाना इंग्रजीपेक्षा जास्त मोलाचा आहे असे माझे ठाम मत आहे, कारण शब्द प्रत्ययाविना, मूळ रूपात उभा राहील याची हमी देता येणारी ती एकमेव जागा आहे. तेथे ‘विहिरींचे पुनर्भरण’ असे न लिहिता ‘विहीर पुनर्भरण’ असे लिहावे.

टंकनातले बारकावेही आहेत. ‘ऱ्या’ दोन वेगळ्या पद्धतींनी टंकता येतो, ‘ॲ’ सुद्धा दोन पद्धतींनी; डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ते वेगळे शब्द असू शकतात. निबंधभर एकच पद्धत ठेवावी. आणि शेवटी, निबंध मराठीत असला तरी शीर्षक, सारांश आणि बीजशब्द इंग्रजीतही द्यावेत. यात मराठीचा काही कमीपणा नाही. तमिळनाडूतल्या किंवा जर्मनीतल्या अभ्यासकाला निदान एवढे कळते की या विषयावर मराठीत काम झालेले आहे, आणि मग तो कोणाकडून तरी ते वाचून घेतो.

कोरडवाहू

सर्वांचे मनापासून आभार. विद्यार्थिनीबरोबर बसून वरील सूचनांप्रमाणे शब्द पुन्हा पाहिले.

फिरता_दवाखाना यांनी विचारले होते त्याचे उत्तर होय असे आहे. खोडमाशीचे नाव जुन्या भारतीय निबंधांत ॲथेरिगोना व्हेरिया सोकाटा असे आढळते, आणि ज्वारीचे नावही एके काळी सोरघम व्हल्गेअर असे लिहीत. ही दोन्ही नावे प्रस्तावनेत घेतली. सारांशात घेतली असती तर तो जड झाला असता.

शीर्षकात आता ‘शूट फ्लाय’, ‘पोस्टरेनी सोरघम’, ‘सोइंग डेट’ आणि ‘इंडिया’ हे शब्द आले आहेत. रब्बी ज्वारीला परदेशी निबंधांत ‘पोस्टरेनी सीझन’ची ज्वारी म्हणतात हे शब्द चालवून पाहिल्यावर स्पष्ट झाले. मात्र ‘रब्बी सोरघम’ हे पदही भारतीय निबंधांत सर्रास दिसते, म्हणून ते कीवर्डमध्ये ठेवले. ‘जोवार’ सारांशात एकदा येते. नवे कीवर्ड असे आहेत: ॲथेरिगोना सोकाटा, सोरघम शूट फ्लाय, रब्बी सोरघम, डेडहार्ट, होस्ट प्लांट रेझिस्टन्स (वाणाची किडीला असलेली प्रतिकारशक्ती), ड्रायलँड. ‘ड्रायलँड’ आणि ‘रेनफेड’ यांपैकी काय घ्यावे यावर थोडी चर्चा झाली. रब्बीचे पीक जमिनीत साठलेल्या ओलीवर येते, म्हणून पहिला शब्द कीवर्डमध्ये घेतला आणि दुसरा सारांशात गेला. आमच्या विभागाला कृषी खात्याच्या भाषेत ‘स्केअर्सिटी झोन’, म्हणजे अवर्षणप्रवण विभाग म्हणतात. तो शब्द महाराष्ट्राबाहेर कोणी शोधणार नाही असे दिसल्यामुळे त्याच्या जागी ‘सेमी-ॲरिड’ लिहिले. अन्न व कृषी संघटनेची ‘ॲग्रोव्हॉक’ ही चाळीसहून अधिक भाषांतील शब्दसूचीही चाळली. वैद्यकातल्या मेशसारखीच ती आहे आणि विनामूल्य आहे, त्यामुळे पुढच्या विद्यार्थ्यांना तिथूनच सुरुवात करायला सांगणार आहे.

मालदांडीचा प्रश्न मात्र पूर्ण सुटला नाही. वाणाचे अधिकृत नाव ‘एम ३५-१’ असे आहे, आणि मधल्या रेघेमुळे शोधपेटी त्याचे तुकडे करते. कधी नुसते ‘एम’ आणि आकडे जुळलेले भलतेच निबंध समोर येतात. शेवटी सारांशात ‘मालदांडी’ हे नाव आणि त्यालगत वाणाचा क्रमांक, अशी दोन्ही नावे एकत्र ठेवली.

आणखी एक विचारायचे आहे. आमच्या विभागातले जे निबंध आणि प्रबंध आधीच प्रसिद्ध झाले आहेत, त्यांचे कीवर्ड आता बदलता येतील का?

पोथीशाळा

यादी उत्तम झाली आहे. सोलापूर आणि अहिल्यानगर ही नावे, दफ्तरखाना यांनी सांगितल्याप्रमाणे जुन्या नावासह, सारांशात असतील असे गृहीत धरते.

प्रकाशकाच्या पानावरील कीवर्ड एकदा प्रसिद्ध झाल्यावर सहसा बदलत नाहीत. शुद्धिपत्र काढण्याइतके ते कारणही नव्हे. पण निबंधाची जी प्रत आपण इतरत्र ठेवू शकतो तिच्याबाबत हात मोकळे असतात. प्रकाशकाची परवानगी असेल तेथे स्वीकृत हस्तलिखित संस्थेच्या संग्रहात किंवा झेनोडोसारख्या खुल्या संग्रहात ठेवता येते. झेनोडोवर फाइल कायम राहते, मात्र तिचे वर्णन आणि कीवर्ड नंतरही सुधारता येतात. प्रबंधांचे काम अधिक सोपे आणि अधिक निकडीचे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीनंतर प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगा या संग्रहात जाऊ लागले. तेथे प्रत्येक प्रबंधाच्या नोंदीत कीवर्डचा रकाना असतो, आणि तो बऱ्याचदा विद्यापीठातील समन्वयकाने घाईत, कधी नुसते शाखेचे नाव लिहून भरलेला असतो. आपल्या विद्यापीठाचे समन्वयक कोण आहेत ते ग्रंथालयात विचारावे, विभागातील प्रबंधांची यादी आणि प्रत्येकापुढे सुधारित कीवर्ड असा तक्ता करून त्यांच्याकडे द्यावा. शक्य असेल तर ज्यांचे प्रबंध आहेत त्यांनाच ते शब्द निवडायला सांगावे. बाहेरच्या माणसाला ‘डेडहार्ट’ सुचणार नाही.